आलिशान प्रवासाने आयुष्य बदलावे असे वाटत असेल, तर पैसे कुठे घालावेत

बेळगावातील एका पतसंस्थेच्या कर्जविभागात मी २८ वर्षे काढली. विहिरीचा पंप, मुलीचे लग्न, दुकानाची पागडी, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील लेथ मशीन ही कारणे अर्जात वाचण्याची सवय झालेली असताना, शेवटच्या काही वर्षांत त्याच रकान्यात 'परदेश सहल' हे दोन शब्द दिसू लागले. खानापूर तालुक्यातील एका काजू व्यापाऱ्याला मी एकदा सहज विचारले, की सहलीला जायचे ते ठीक, पण एवढे महागडे हॉटेल कशासाठी? तो म्हणाला, "साहेब, एकदा तसं राहून बघायचं हाय. माणूस बदलून येतो म्हणतात." अर्ज मंजूर झाला. माणूस बदलला की नाही हे कळण्यास मार्ग नव्हता; हप्ते मात्र वेळेवर आले.

निवृत्तीनंतर मी स्वतः दोन महागडे प्रवास केले. त्यांतील एक साफ फसला आणि दुसरा, फारशी अपेक्षा नसताना, फळाला आला. त्या दोहोंच्या आधारे, आणि कर्जविभागात लागलेल्या हिशेबी सवयीमुळे, माझे मत असे झाले आहे की आलिशान प्रवासाने आयुष्य बदलू शकते, परंतु ते बदलते त्या प्रवासातील आलिशानपणामुळे नव्हे. पैसा वाटेतले खडे बाजूला करतो. त्या मोकळ्या झालेल्या वाटेवरून कोण चालणार आहे आणि कशासाठी, हे आधी ठरलेले नसेल तर गुळगुळीत वाटेवरून माणूस तसाच परत येतो.

हवापालट की कलाटणी?

पैसे भरण्यापूर्वी हा एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या भाषेत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांची गल्लत झाली की खर्च वाया जातो. हवापालट म्हणजे थकलेल्या शरीराला आणि कंटाळलेल्या मनाला दुसरीकडची हवा देणे. समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर वसलेल्या आपल्या बेळगावच्या थंड हवेचे कौतुक तर उन्हाळ्यात घाटाखालून येणारे पाहुणे आजही करतात. हवापालट हा पूर्णपणे सन्माननीय हेतू आहे, पण त्यासाठी पाच आकडी भाड्याची खोली लागत नाही. आंबोलीत किंवा चोर्ल्याच्या रानात चार दिवस स्वच्छ खोली, गरम पाणी आणि बंद ठेवलेला फोन एवढ्यावर ते काम होते.

कलाटणी ही वेगळी गोष्ट आहे. माझ्या पाहण्यात ज्यांना प्रवासाने खरोखर कलाटणी मिळाली, ती सर्व माणसे निघण्यापूर्वीच आयुष्याच्या एखाद्या वळणावर उभी होती. कोणी निवृत्त झाले होते, कोणाचा जोडीदार गेला होता, कोणी मोठ्या आजारातून उठले होते, कोणाची मुले पुण्याला किंवा परदेशी निघून गेल्याने घर रिकामे झाले होते. उद्यमबागेतील एक फाउंड्रीमालक मुलाच्या हाती कारखाना सोपवायला वर्षानुवर्षे तयार नव्हते. पत्नीच्या हट्टाखातर ते बारा दिवसांच्या सहलीला गेले. परतल्यावर त्यांनी मला सांगितले, की बर्फाचे डोंगर चांगले होते, पण मनात राहिले ते एवढेच की आपण नसतानाही भट्टी रोज पेटली आणि माल वेळेवर गेला. पुढच्या पाडव्याला त्यांनी किल्ल्या मुलाकडे दिल्या. या बदलाला बर्फ कारणीभूत नव्हता, अंतर कारणीभूत होते. आणि एवढे अंतर त्यांना पत्नीने आधी पैसे भरून टाकल्यामुळेच गाठता आले, कारण बुडणारे पैसे ही त्यांना समजणारी भाषा होती.

उच्च दर्जाच्या प्रवासात आयुष्य बदलल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शोधायला गेलो तर ते थोडे उफराटे निघते. ७ जून १८९३ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरित्सबर्ग स्थानकावर मोहनदास गांधी यांना डब्यातून उतरवण्यात आले, तेव्हा त्यांच्या खिशात पहिल्या वर्गाचे रीतसर तिकीट होते. त्यानंतर ३१ वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, तेच गांधी बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून आले. काँग्रेसच्या अध्यक्षपदी ते बसले ते हे एकमेव अधिवेशन, आणि त्यासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत अजून पाहता येते. पहिल्या वर्गाच्या गादीने त्यांच्या आयुष्यात काही घडवले नाही. घडवले ते गादी नाकारली गेल्यानंतर थंडीत काढलेल्या रात्रीने. असा अपमान कोणाच्या वाट्याला यावा असे मी म्हणत नाही, परंतु प्रवासातील निर्णायक क्षण माहितीपत्रकात छापलेला नसतो, हे बुकिंग करताना ध्यानात असू द्यावे.

म्हणून पहिली कृती अशी: एका कागदावर एकच वाक्य लिहावे, की या प्रवासातून परतल्यावर माझ्या रोजच्या जगण्यात काय वेगळे व्हायला हवे आहे. 'मजा', 'आठवणी' हे शब्द टाळावेत. वाक्य सुचत नसेल तर हवापालटाला जावे आणि पैसे वाचवावेत. वाक्य सुचले तर तो कागद घडी घालून कपाटात ठेवावा. त्याचे काम पुढे आहे.

पैशाने नेमके काय विकत मिळते

मानसशास्त्रातील तीन अभ्यास या बाबतीत उपयोगी आहेत. १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील २२ लॉटरी विजेत्यांची तुलना सामान्य शेजाऱ्यापाजाऱ्यांशी केली. विजेते फारसे अधिक सुखी आढळले नाहीत, उलट रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतून त्यांना मिळणारा आनंद कमी झाला होता. माणूस सुखसोयींना फार लवकर सरावतो. पहिल्या दिवशी संगमरवरी न्हाणीघर पाहून हरखलेला माणूस तिसऱ्या दिवशी टॉवेल एकच का ठेवला म्हणून फोन लावतो. दुसरा अभ्यास २००३ चा. लीफ व्हॅन बोव्हन आणि थॉमस गिलोविच यांनी दाखवले, की वस्तूंवर केलेल्या खर्चापेक्षा अनुभवांवर केलेला खर्च लोकांना नंतर अधिक समाधान देतो. टूर विकणारे याचा दाखला आवडीने देतात. तिसऱ्याचा दाखला मात्र ते देत नाहीत. नेदरलँड्समध्ये येरून नाविन आणि सहकाऱ्यांनी १५३० प्रौढांची पाहणी करून २०१० मध्ये असे मांडले, की सुट्टीवर जाणारे लोक निघण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी असतात, पण परतल्यानंतर बहुतेकांच्या आणि घरी राहिलेल्यांच्या आनंदात फरक उरत नाही. अपवाद होता तो फक्त अत्यंत निवांत सुट्टी घालवलेल्यांचा, आणि त्यांच्याही बाबतीत तो परिणाम काही आठवड्यांत ओसरला.

या तिन्हींचा व्यवहारातला अर्थ असा, की ज्या सोयीला आपण दोन दिवसांत सरावणार आहोत तिच्यावर पैसे घालू नयेत. माझ्या मते पैसा चार गोष्टींवर घालावा: वेळ, शांतता, जाणकार माणूस आणि शरीराची सोय. पॅकेजची यादी हातात घ्यावी आणि प्रत्येक ओळीपुढे यांतले काय मिळते ते पेन्सिलीने लिहावे. ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नाही, ती ओळ भपक्याची.

वेळ आणि शांतता यांविषयी फार सांगायला नको. आलिशान रेल्वेगाड्यांचे खरे मोल त्यांच्या झुंबरांत नसून रात्रीच्या प्रवासात आहे. राजस्थानची 'पॅलेस ऑन व्हील्स' १९८२ पासून, महाराष्ट्राची 'डेक्कन ओडिसी' २००४ पासून आणि आपल्या कर्नाटकाची 'गोल्डन चॅरियट' २००८ पासून हेच करीत आल्या आहेत. प्रवासी झोपेत असताना गाडी पुढच्या गावी पोचते, सामान पुन्हा पुन्हा बांधावे लागत नाही आणि दिवसाचा सगळा उजेड पाहण्यासाठी मोकळा राहतो. नऊ देश बारा दिवसांत दाखवणाऱ्या सहलीत नेमके उलट होते. तेथे महागडी खोली केवळ झोपण्यापुरती भाड्याने घेतलेली असते.

जाणकार माणसावर मात्र मला थांबावेसे वाटते, कारण बहुतेक जण नेमकी येथेच काटकसर करतात. 'गोल्डन चॅरियट' हे नाव हंपीच्या विठ्ठल मंदिरासमोरील दगडी रथावरून घेतलेले आहे. घाईतला वाटाड्या सांगतो, "हा पन्नास रुपयांच्या नोटेवरचा रथ," आणि फोटोसाठी जागा दाखवून पुढे सरकतो. जाणकार वाटाड्या सांगतो की हा रथ म्हणजे गरुडाचे देऊळ आहे, त्यामागचे ते मंदिर आपल्या पंढरीच्या विठ्ठलाच्या नावाचे आहे, आणि कृष्णदेवरायाने पंढरपूरहून नेलेली मूर्ती संत एकनाथांचे पणजोबा संत भानुदास यांनी परत आणली अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. १५६५ च्या लढाईनंतर हे नगर उजाड झाले ही पुढची गोष्ट. तीच शिळा, तेच ऊन आणि तेच तिकीट. पण पहिल्याचे ऐकणारा नोट आठवत परततो आणि दुसऱ्याचे ऐकणारा आपल्या आजोबांच्या गळ्यातील माळ. चांगल्या वाटाड्याचे दिवसभराचे मानधन वरच्या दर्जाच्या खोलीच्या फरकापेक्षा सहसा कमीच असते. खोली एक पायरी खाली घ्यावी आणि वाटाड्या दोन पायऱ्या वर.

माझी फसलेली सहल

लग्नाच्या वाढदिवसानिमित्त मी पत्नीला मालदीवला, पाण्यावर बांधलेल्या खोलीत राहायला नेले. स्वतः कर्जविभागात उभी नोकरी काढूनही काही रक्कम हप्त्यांवर घेतली, याची लाज आजही वाटते. ज्या टूर कंपनीकडून बुकिंग केले तिने 'सूर्यास्ताभिमुख' म्हणून सांगितलेली खोली प्रत्यक्षात दुसऱ्या खोल्यांच्या रांगेकडे तोंड करून होती आणि सूर्यास्त पाहण्यासाठी कठड्यावरून बरेच वाकावे लागे. आमचे विमान मालेला दुपारी उशिरा उतरले. तेथील सागरी विमाने फक्त दिवसाच्या उजेडात उडतात, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे पहिली रात्र, जिचे पूर्ण भाडे भरले होते, विमानतळाजवळच्या साध्या हॉटेलात गेली.

तरीही खरा दोष कंपनीचा नव्हता. आम्ही दोघांनी तीस वर्षांत एकमेकांशी जे बोलायचे टाळले होते, ते तेथेही टाळले. घरी निदान दूधवाला, शेजारी, मुलाचा फोन असे अडथळे होते. तेथे निळे पाणी आणि शांतता यांशिवाय काही नव्हते आणि ती शांतता आम्हाला पेलली नाही. तिसऱ्या दिवशी पत्नी म्हणाली, "शहापूरला असते तर निदान हातमागवाल्यांकडं जाऊन लुगडं तरी बघितलं असतं." तेव्हा मी हसलो, पण तिचे म्हणणे अचूक होते. शांतता विकत घ्यावी, मात्र तिच्यात करण्याजोगे काही बरोबर न्यावे. शिकायची एखादी गोष्ट असेल, वाचायचे पुस्तक असेल, किंवा बोलायचा विषयच असेल, काहीतरी हवे.

पैसे भरताना

कर्ज काढून आलिशान प्रवास करू नये, हे मी आता निःसंकोचपणे सांगतो. कारण नैतिक नाही, व्यावहारिक आहे: प्रवासाचा आनंद काही आठवड्यांत ओसरतो आणि हप्ता तीन वर्षे राहतो, त्यामुळे त्या प्रवासाची आठवण दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेच्या संदेशातून येते. मुदत ठेव मोडण्याऐवजी तिची मुदत आणि प्रवासाची तारीख आधीपासून जुळवावी. भिशीचा नंबर लागण्यावर बेत आखला तरी हरकत नाही. नाविन यांच्या पाहणीप्रमाणे पाहिले तर वाट पाहण्याचा काळ हा प्रवासातील आनंदाचा मोठा भाग असतो, आणि भिशीवाल्यांना तो पुरेपूर मिळतो.

देशातल्या हॉटेलांत एका रात्रीचे भाडे ७५०० रुपयांच्या वर गेले की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून सांगितलेला दर करासह आहे का, हे प्रथम विचारावे. परदेशी पॅकेजवर विक्रेता टीसीएस नावाचा कर आगाऊ गोळा करतो. तो खर्च नसून आयकर विवरणपत्रात वळता होणारी रक्कम असते, परंतु ती परत मिळेपर्यंत अडकून राहते आणि तिचे दर अर्थसंकल्पात बदलत आलेले आहेत. बुकिंगच्या दिवशी लागू असलेला दर विचारावा, आपला पॅन क्रमांक अचूक द्यावा आणि नंतर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावे जमा झालेल्या करात ती रक्कम दिसते की नाही हे तपासावे. युरोपातील शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण लागते. विमा घेताना पूर्वीपासून असलेल्या मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा उल्लेख लपवू नये. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी हमखास बाहेर येतो.

विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात, आणि लेखी म्हणजे फोनवर नव्हे, ईमेलवर: खोलीचा नेमका प्रकार आणि तिचे तोंड कुणीकडे आहे, विमानतळापासून मुक्कामापर्यंतची ने-आण भाड्यात आहे की नाही, सेवाशुल्क आणि स्थानिक पर्यटन कर किती, आणि रद्द केल्यास किती दिवस आधी किती रक्कम परत मिळेल. मालदीवात हे चारही प्रश्न मी विचारले नव्हते. तेथे स्थानिक कर आणि सेवाशुल्क खोलीच्या भाड्यावर वेगळे चढतात, ते परतताना बिलात दिसले.

आपल्या भागातील लोकांसाठी आणखी एक सूचना आवश्यक वाटते. सांबऱ्याच्या आपल्या बेळगाव विमानतळावरून थेट परदेशी विमान नसल्यामुळे आपला प्रवास मुंबई, बेंगळुरू किंवा गोव्याहून सुरू होतो. लाखो रुपयांच्या सहलीची सुरुवात रात्रभर बसमध्ये ताटकळून करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांचे पहिले दोन दिवस झोपेत जातात. आदल्या दिवशी दिवसाच्या गाडीने निघावे आणि विमानतळाजवळ एक साधी खोली घ्यावी. सबंध प्रवासात याहून किफायतशीर चैन नाही.

आत्या आणि हंपी

माझी आत्या निपाणीची. तंबाखूच्या वखारीच्या मोठ्या घरात तिने पन्नास वर्षे सगळ्यांना वाढले आणि १९ वेळा पंढरीची पायी वारी केली. गुडघे गेल्यानंतर वारी थांबली आणि तिचे बोलणेही कमी झाले. कागदावर एक वाक्य लिही म्हटल्यावर ती म्हणाली, "मी न्हाई लिवत, तू लिव. विठ्ठल जिथं नेला होता ती जागा बघायची हाय." एवढ्या स्पष्ट हेतूचा अर्ज मी २८ वर्षांत पाहिला नव्हता.

बेळगावहून धारवाड, गदग, कोप्पळमार्गे हंपीला मोटारीने सहा-सात तास लागतात. आम्ही ते दोन टप्प्यांत केले. हंपीजवळच्या एका महागड्या हॉटेलात तीन रात्रींसाठी तळमजल्याची खोली घेतली. न्हाणीघरात धरायला दांडा आहे आणि उंबऱ्याला पायरी नाही, याची फोटो मागवून खात्री केली. दिवसभराची मोटार आणि एक जाणकार, कन्नड व मराठी दोन्ही येणारा वाटाड्या ठरवला. तीन रात्रींचा हा सगळा खर्च मालदीवच्या एका रात्रीहून थोडासाच अधिक झाला. तरुण माणसाला हेच हंपी सायकल भाड्याने घेऊन पाहता येते आणि कदाचित अधिक चांगले पाहता येते. पण सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांसाठी दांडा, तळमजला आणि दारात उभी मोटार ही चैन नसून अट असते. ती पुरी होत नसेल तर प्रवासच होत नाही. आलिशान प्रवास कोणाचे आयुष्य बदलतो, या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर म्हणून वृद्ध आणि आजारी माणसे हेच आहे. घरातला एकच मोठा खर्च करायचा असेल, तर तो मधुचंद्रावर न करता आईवडिलांच्या प्रवासावर करावा.

विठ्ठल मंदिरापर्यंत बॅटरीवर चालणारी गाडी जाते. आत्या सकाळी लवकर, गर्दीपूर्वी, आत गेली. गाभारा रिकामा आहे. ती बराच वेळ उंबऱ्याशी बसून राहिली. वाटाड्याही शहाणा, तो गप्प उभा राहिला. मी घड्याळ पाहिले नाही, कारण पुढे कुठे पोचायचे नव्हते. त्या दिवशी आम्ही दुसरे काहीही पाहिले नाही, आणि पैशाने विकत घेतलेला वेळ म्हणजे काय हे मला तेव्हा कळले.

बदल घडला तो मात्र तेथे नव्हे, जेवणघरात. गंगावतीकडचा एक तरुण वाढपी रोज आत्यापाशी येऊन "ऊटा आय्ता, अज्जी?" म्हणजे जेवण झाले का आजी, असे विचारायचा आणि सर्वांच्या आधी तिच्या ताटात गरम भाकरी वाढायचा. निपाणीच्या बाईला कन्नड पुरेसे येते. दोघांच्या गप्पा चालायच्या. पहिल्या दिवशी ती सर्वांचे वाढून होईपर्यंत हात आखडून बसली. तिसऱ्या दिवशी तिने पहिला घास आमच्याकडे न पाहता घेतला. घरी परतल्यानंतरच्या रविवारी सुना स्वयंपाकघरात असताना ती पाटावर येऊन बसली आणि म्हणाली, "आज मी आधी जेवणार." पन्नास वर्षांत प्रथमच. घरात क्षणभर शांतता पसरली, मग धाकट्या सुनेने ताट मांडले. तेव्हापासून ती आधी जेवते.

प्रवासात असताना

येथे सांगण्यासारखे थोडेच आहे. दर दोन दिवसांमागे अर्धा दिवस पूर्णपणे रिकामा ठेवावा आणि तो रिकामाच राहू द्यावा. हॉटेलातल्या माणसांशी बोलावे; ज्या ठिकाणी आपण पाहुणे असतो तेथील खरी माहिती स्वागतकक्षापेक्षा माळी आणि चालक यांच्याकडे असते. काबिनीसारख्या जंगलात जायचे असेल तर कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेसचे निसर्गतज्ज्ञ हे त्या भाड्यातील सर्वांत मोलाचे आहेत, आणि मार्च ते मे या उन्हाळ्यात धरणाच्या फुगवट्याकाठी हत्तींचे कळप जमतात तेव्हा तेथे जाणे पावसाळ्यात जाण्याहून कितीतरी फलदायी ठरते.

शेवटचा दिवस मात्र काळजीपूर्वक आखावा. डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये गार पाण्यात हात बुडवण्याचा प्रयोग केला होता. अधिक वेळ चाललेला, पण शेवटी किंचित सुसह्य झालेला त्रास बहुतेकांनी कमी वेळाच्या त्रासापेक्षा पुन्हा स्वीकारला. एखाद्या अनुभवाचा शेवट त्याच्या लांबीपेक्षा स्मृतीत अधिक ठसतो. म्हणून शेवटचा दिवस खरेदी आणि सामान बांधण्याच्या धांदलीत घालवू नये. खरेदी आधी उरकावी आणि शेवटच्या संध्याकाळी, ज्या जागेने सर्वांत अधिक काही दिले, तेथे पुन्हा एकदा जावे.

परतल्यावर

कामावर रुजू होण्यापूर्वी एक दिवस मोकळा ठेवावा. नातेवाइकांना सगळे फोटो दाखवण्याची घाई करू नये, कारण तीच गोष्ट दहा वेळा सांगितली की ती गुळगुळीत होते आणि आपल्यालाही सांगितलेलीच तेवढी आठवते. पंधरा दिवसांच्या आत, तेथे जे आवडले त्यातली एक गोष्ट रोजच्या दिवसात आणावी, आणि ती बिनखर्चाची असावी. पहाटे उठून चालणे असेल, जेवताना फोन दूर ठेवणे असेल, किंवा आधी जेवणे असेल. मालदीवहून परतल्यावर मी काहीच आणले नाही, ब्लँकेटसारखा एक टॉवेल सोडला तर. तो अजून कपाटात आहे.

तीन महिन्यांनी तो घडी घातलेला कागद काढावा आणि वाक्याखाली, खरे झाले की नाही, ते लिहावे. माझ्या मालदीवच्या कागदावर 'आराम' एवढेच लिहिले होते आणि त्याखाली लिहायला काही सुचले नाही. आत्याचा कागद मी तिला वाचून दाखवला. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "लिव, जागा बघितली. आणि खाली लिव, पुढच्या येळंला कूडलसंगम. कृष्णा आणि मलप्रभा जिथं भेटतात तिथं. तेवढं राहून गेलं." मग तिने विचारले, की तिकडेही तळमजल्याला दांड्याचे न्हाणीघर मिळते का. मी चौकशीला फोन लावला आहे. फोटो यायचे आहेत.